अॅल्युमिनियमच्या सायकलीचा जुना रंग

पोलादी सायकलीचा रंग उडाला की तिला गंज चढतो. अॅल्युमिनियमचा स्वभाव निराळा. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कवच तयार होते व तेच त्याचे रक्षण करते. जुन्या फ्रेमचा रंग काढू पाहणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. कॉस्टिक सोडा पोलादावरील रंग काढतो व पोलादाला सोडून देतो; अॅल्युमिनियमचे मात्र तो कवच विरघळवतो आणि मग धातूच खाऊ लागतो. म्हणून ओल्या काचकागदाने, बेताबेतानेच घासावे. नळीची जाडी मुळातच थोडी असते.

१९७० च्या दशकात इटलीत नळ्या चिकटवून जोडलेल्या फ्रेमी निघाल्या. अशा फ्रेमवर भट्टीत भाजून रंग चढवू नये; उष्णतेने सांधे दुबळे होतात.

उघड्या धातूवर, विशेषतः सांध्यांपाशी, केसासारखी चीर आहे काय, हे भिंगातून पाहावे. ठराविक मर्यादेखालचे हिसके पोलाद अखंड सोसते. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान हिसकेही त्यात साचत जातात. चीर आढळल्यास ती फ्रेम मोडीत द्यावी. नसल्यास धातू स्वच्छ पुसून, विलंब न लावता, अॅल्युमिनियमला धरणाऱ्या प्रायमरचा हात द्यावा व मगच रंग लावावा. चिरेवर रंग चढला, तर स्वाराला तिचा पत्ता फ्रेम मोडेल तेव्हाच लागतो.