छोट्या जागेतून जगाच्या उपयोगाचे संशोधन कसे घडते?

फिनलंडची लोकसंख्या साधारण ५६ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईची १ कोटी २४ लाख होती. तरीही आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्याची सुरुवात या छोट्या देशात झाली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले आणि ते सगळ्या जगाला खुले करून दिले. अँड्रॉइड त्याच लिनक्सवर चालते.

अशी माणसे घडण्यामागे समाजाची व्यवस्था असते. फिनलंडच्या शाळांत १९४८ पासून प्रत्येक मुलाला मोफत जेवण मिळते. पूर्वी लहान वयातच मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होई. १९७० च्या दशकात ती बंद होऊन सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आली. विद्यापीठात तिथल्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क नाही. मुळात माणसे कमी, त्यामुळे गरिबाचे हुशार मूल वाया घालवणे या देशाला परवडणारे नाही.

"तो श्रीमंत देश, आपले काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर गडचिरोलीत मिळते.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते. मिनिटाला किती श्वास चालतात हे मोजून तो ओळखता येतो, पण गावातल्या अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून एक साधे यंत्र तयार झाले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा.

पुढे ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्थानिक महिलांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले गेले. त्या नवजात बाळाचे वजन घेत, ताप मोजत, नोंदी ठेवत आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. १९९९ मध्ये हा अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने हे काम आशा कार्यकर्त्यांकडे दिले.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते, त्याचे मूळ इथे आहे. एरवी सर्वेक्षणात ज्यांची फक्त मोजणी होते, त्या बाया इथे मोजणाऱ्या झाल्या. मात्र हे ज्ञान घरोघर नेणाऱ्या आशाताईला अजून सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या वस्त्यांत सर्वेक्षणे कमी होत नाहीत. प्रश्न बाहेरून येतात, उत्तरे बाहेर जातात. तारोडीसारख्या शहराच्या कडेच्या गावात तरुणांनी स्वतःचा प्रश्न ठरवून पाहावा. उदाहरणार्थ, दहावीनंतर किती मुलींचे शिक्षण सुटते आणि कशामुळे: प्रवासखर्च, घरकाम की फी? घरच्यांची परवानगी घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत. मुलामुलींना तेच प्रश्न विचारावेत. वर्षभराने पुन्हा विचारावेत आणि आलेला फरक लिहून ठेवावा. बसच्या वेळा किंवा शिष्यवृत्तीची मागणी घेऊन मीरा-भाईंदर महापालिकेत जाताना निवेदनासोबत हे आकडे असले, तर त्यांना उत्तर द्यावे लागते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी अशा नोंदींची एक वही ठेवायला फार खर्च येत नाही.