शासकीय रुग्णालयांतील निष्काळजीपणा आणि दाद मागण्याच्या कायदेशीर मर्यादा : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतमजूर, तसेच रांजणगाव व कुरकुंभ औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगार यांना आजारपणात प्रामुख्याने शासकीय रुग्णालयाचाच आधार असतो. तेथे निष्काळजीपणामुळे हानी झाल्यास दाद कोठे मागावयाची, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली; मात्र सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार करणारी रुग्णालये वगळली. नाममात्र नोंदणी शुल्काने यात फरक पडत नाही. जेथे काही रुग्ण शुल्क देतात व काही देत नाहीत, तेथे विनामूल्य उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. शासकीय रुग्णालयांबाबत युक्तिवादास जागा होती ती या शेवटच्या नियमामुळे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु केसपेपरच्या पैशांबरोबर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा आधारही बहुतांशी गेला, याची चर्चा फारशी झालेली दिसत नाही. उपचाराचा खर्च विमा कंपनीने दिला असल्यास मात्र ती सेवा सशुल्क मानली जाते.

दौंड हे रेल्वेचे गाव असल्याने येथील एक विसंगती लक्षणीय आहे. रेल्वे रुग्णालयातील उपचार हा कर्मचाऱ्याच्या सेवाशर्तींचा भाग असल्याने तो विनामूल्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य रेल्वेविरुद्धच्या कोटगिरी खटल्यात म्हटले आहे. म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्याचे कुटुंब ग्राहक ठरते. शेजारचा शेतमजूर ठरत नाही.

अर्थात त्याचा मूळ हक्क नष्ट होत नाही. तत्कालीन औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेच्या वेळी एका महिलेच्या पोटात कापडी बोळा राहिला व तिचा मृत्यू झाला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने शासनाचे दायित्व नाकारले. 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये तो निर्णय फिरविला. रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य नव्हे, व कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावर शासन भरपाईस बांधील आहे, असे ठरले. त्यास बत्तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

हा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दाव्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस आवश्यक असून, राज्य शासनासाठी ती सचिव वा जिल्हाधिकारी यांना द्यावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असल्यास प्रतिवादी बदलतो, हे अनेकदा उशिरा ध्यानात येते.

फौजदारी मार्ग अधिकच अरुंद आहे. 'जेकब मॅथ्यू' खटल्यात (२००५) न्यायालयाने घोर निष्काळजीपणाची कसोटी लावली आणि कारवाईपूर्वी तज्ज्ञ डॉक्टरचे, शक्यतो शासकीय सेवेतील, स्वतंत्र मत घेण्यास सांगितले. आरोपीच शासकीय डॉक्टर असता हे स्वातंत्र्य कितपत टिकते, ही शंका अनाठायी नाही. शिवाय शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता न येणाऱ्या अधिकाऱ्यावर, कर्तव्य बजावताना घडलेल्या कृतीबद्दल खटल्याची दखल घेण्यास पूर्वमंजुरी लागते.

सर्वच मार्गांत पुरावा म्हणजे उपचारांची कागदपत्रे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ती ७२ तासांत द्यावयाची असतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षेच जतन कराव्या लागतात.