ग्रामभोजनातून युवकांचे शिक्षण

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. या योजनेतील महाविद्यालयीन युवक-युवतींची सात दिवसांची विशेष शिबिरे दत्तक गावांतून भरतात. श्रमदानाची पुष्कळ वाखाणणी होते. अखेरच्या दिवशीचे ग्रामभोजन मात्र केवळ निरोपाचा उपचार समजले जाते. आचारी बोलावला आणि शहरातून वाणसामान आणले की जेवण उरकते खरे, पण शिकण्याची एक उत्तम संधी वाया जाते.

सोलापूरकडील एखाद्या ज्वारीच्या गावाचे उदाहरण घ्यावे. शंभर माणसे जेवावयाची असतील, तर माणशी दोन याप्रमाणे दोनशे भाकऱ्या लागतील. एक किलो पिठाच्या बेताच्या दहा-बारा भाकऱ्या होतात; म्हणजे वीस किलो पीठ हवे. सरावलेला हातही एका चुलीवर तासाला वीस-पंचवीसच भाकऱ्या भाजतो. हा हिशेब स्वयंसेवकांनीच मांडावा. मग एका चुलीने भागत नाही हे त्यांना आपोआप कळते, आणि घरोघर जाऊन “मावशी, दहा भाकऱ्या करून द्याल का?” असे विचारण्याची वेळ येते. परक्या उंबऱ्यावर उभे राहून नम्रतेने मागणे अनेकांना भाकरी थापण्याहूनही अवघड वाटते!

भाकरी थापणे मुलांनीही शिकावे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून गरम पाणी घालून ते चांगले मळावे लागते. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मुलखातील पदवीधरास भाकरी थापता येऊ नये, हे काही शोभत नाही. जोडीला पिठले, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, वांग्याचे भरीत आणि चाकवताची भाजी असली म्हणजे पानात बाहेरचे फारसे काही उरत नाही. धान्य व भाजी ज्या शेतकऱ्याकडून घ्यावयाची, त्याला योग्य दाम रोख द्यावा. ‘गावचेच तर आहे’ म्हणून फुकट मागू नये.

सर्वांत अधिक दक्षता स्वच्छतेची हवी. येथील हयगय शंभर माणसांना एकाच रात्री आजारी पाडू शकते. पिण्याचे पाणी निर्जंतुक केलेले असावे. वाढप्यांनी साबणाने हात धुवावेत. हाताला जखम असलेल्यास किंवा पोट बिघडलेल्यास वाढावयास लावू नये. आमटी व पिठले पंगतीच्या वेळीच तयार व्हावे. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच ठेवू नये. दुपारी करून ठेवलेली आमटी रात्री वाढणे तर सर्वस्वी टाळावे.

पंगत एकच असावी. गावकरी, शिबिरार्थी आणि सरपंच एकाच ओळीत बसावेत. कोणासाठी वेगळे पान मांडू नये. वाढताना आधी थोडे वाढून पुन्हा विचारावे, म्हणजे पानात अन्न टाकले जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर स्वयंसेवकांपैकी एकाने जमाखर्च वाचून दाखवावा: कोणाकडून किती धान्य घेतले, किती पैसे दिले, किती भाकऱ्या उरल्या आणि त्यांचे काय केले.