दुखत नाही म्हणून गोळी सोडू नका

शेतकरी माणूस दुखण्यावरून आजार ओळखतो. कंबर धरली, ताप चढला, की तो दवाखान्याची वाट धरतो. रक्तदाबाचे तसे नाही. तो बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच घात करतो. ‘फादर, आता बरे वाटते, मग रोज गोळी कशाला?’ असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर हृदयातच आहे.

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन लहान. ते रक्त गोळा करून खाली सोडतात. खालचे दोन मोठे; त्यांपैकी डावा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो. विहिरीवरचा पंपच म्हणा ना! पाइप अरुंद असला की पंपावर ताण येतो. तसाच रक्तदाब वाढला की या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्यास जादा जोर लावावा लागतो, आणि दिवसाला ठोके पडतात सुमारे १ लाख.

वर्षानुवर्षे जोर लावून त्या कप्प्याची भिंत जाड होते. कष्टाने दंड भरला तर ती ताकद. हृदयाचे मात्र उलट आहे. जाड भिंत ताठर बनते, दोन ठोक्यांमध्ये नीट सैल पडत नाही, वरून येणारे रक्त सहज आत घेत नाही. पाट पुढे तुंबला की मागे पाणी चढते व बांध फुगतो. त्याचप्रमाणे वरचा डावा कप्पा ताणून मोठा होतो आणि त्याच्या स्नायूत चिवट तंतू वाढतात.

अशा कप्प्यात ठोक्याचा विजेचा इशारा वाट चुकतो. मग वरचे कप्पे मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. डॉक्टर याला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. छातीत धडधड होते, दम लागतो, थकवा येतो. काहींना तर काहीच जाणवत नाही. थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचते, गोठते, आणि गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगाचा झटका येतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीत अशा रुग्णांना झटक्याचा धोका सुमारे पाचपट आढळला.

गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. त्यांपैकी वॉरफरिनची हकिकत शेतकऱ्याने ऐकण्याजोगी आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत ‘स्वीट क्लोव्हर’चा बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील द्रव्य शोधून काढले. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. ज्याने गुरे मेली, त्याच जातीचे द्रव्य मापात घेतले तर माणूस वाचतो. म्हणून हे औषध घेणाऱ्यांनी रक्ततपासणी चुकवू नये आणि अंगदुखीची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

तेव्हा बंधुभगिनींनो, एवढे करा :

१. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. तो वारंवार १४०/९० किंवा अधिक भरला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

२. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहा. ठेका वेडावाकडा लागला तर ईसीजी काढून घ्या.

३. दिवसाचे मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवा. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठही त्यातच मोजा. दारू व तंबाखू सोडा.

४. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. तडक मोठ्या इस्पितळात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

गोळी नेमाने घेऊन रक्तदाब ताब्यात राहिला, तर जाड झालेली भिंत काही अंशी पुन्हा पातळ होते. बरे वाटते ते त्या गोळीमुळेच. बांध फुटल्यावर माती टाकण्यापेक्षा आधीच पाट मोकळा ठेवणे शहाणपणाचे, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे?