कुलूप दिसावं, ट्रॅकर दिसू नये
लेखमाला : गाडी आपली, काळजी आपली – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण विम्याची पॉलिसी वाचली. त्यात चोरीविरोधी उपकरणावर मिळणाऱ्या सवलतीची एक ओळ होती. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेलं उपकरण बसवलं आणि ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला जोडला, तर ‘ओन डॅमेज’च्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात अडीच टक्के सूट मिळते, तीही फार तर ५०० रुपये. एवढ्यासाठी कुणी दुकानात जाणार नाही. जायचंच असेल तर आधी चोरी कशी होते ते समजून घेऊ.

चोराला तीन कामं करायची असतात. गाडीत शिरायचं, ती चालू करायची आणि सापडायच्या आत पसार व्हायचं. प्रत्येक उपकरण यातल्या एखाद्या कामातच खोडा घालतं. म्हणून ॲक्सेसरीवाला ‘साहेब, हे सगळ्यात भारी’ म्हणाला, की विचारायचं, हे चोराला नेमकं कुठे अडवतं?

गाडी चालू होऊ न देण्याचं काम कंपनीने बसवलेला इमोबिलायझर करतो. किल्लीच्या मुठीत एक चिप असते. तिचा कोड जुळला नाही तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंजिन चालूच होऊ देत नाही. त्यामुळे वायरी जोडून गाडी पळवण्याचे दिवस गेले. पण चोरही शिकले. स्टीअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ ओबीडी पोर्ट असतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो तो हाच. तिथे यंत्र जोडून काही गाड्यांना नवी किल्ली ओळखायला लावता येते. त्यावर उपाय म्हणजे पोर्टवर बसणारं छोटं कुलूप.

पुश-बटण गाड्यांची किल्ली तर दाराशेजारच्या खुंटीवरूनच ‘चोरता’ येते. एक जण दाराबाहेर अँटेना धरून उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. किल्लीचा क्षीण सिग्नल पुढे पोचवला जातो आणि मालक जवळ आहे असं समजून गाडी दार उघडते. एकदा इंजिन चालू झालं की किल्ली दूर गेली तरी ते बंद पडत नाही. सिग्नल अडवणारं पाऊच यावर स्वस्त आणि पुरेसं आहे, मात्र विकत घेतल्यावर ते तपासा. किल्ली पाऊचमध्ये घालून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाऊच परत करा. दुसरी किल्लीही अशीच ठेवायची, हे विसरू नका.

आता साधं लोखंड. स्टीअरिंगवरचा दांडा काचेतून दिसतो, हा त्याचा मोठा गुण. पण स्टीअरिंगची कडा करवतीने कापली की तो निघतो. गिअर लॉक जास्त चिवट. त्याचं ब्रॅकेट गाडीच्या पत्र्याला बोल्टने पक्कं असतं आणि गिअर रिव्हर्समध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये) अडकतो. बसवताना बोल्टकडे नीट बघा. आवळल्यावर ज्यांचं डोकं तुटून पडतं, असे बोल्ट हवेत. साधे असतील तर पान्याने सुटतील. लॅपटॉप घेऊन येणाऱ्या चोराला मग ग्राइंडरही आणावा लागतो आणि ग्राइंडरचा आवाज सोसायटीच्या वॉचमनलाही जागं करतो.

एवढं करूनही गाडी गेलीच, तर ट्रॅकर. तो उपग्रहांवरून गाडीची जागा काढतो आणि सिमकार्डावरून आपल्या मोबाइलला कळवतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा जॅमरपुढे तो मुका होतो. घेताना तीन गोष्टी विचारा. आत स्वतःची बॅटरी आहे का? वायर तोडली तर लगेच संदेश येतो का? दुसऱ्या वर्षापासून वर्गणी किती? ओबीडी पोर्टमध्ये खोचायचा ट्रॅकर बसवायला सोपा, पण चोराचा हातही आधी तिथेच जातो. मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असेल, तर धावत्या गाडीवर ती कधीच वापरू नका. ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात. ॲपलच्या एअरटॅगवर भिस्त ठेवू नका. कुणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून तो सोबतच्या अनोळखी फोनला सावध करतो आणि तो फोन चोराचा असतो.

ट्रॅकर लपवण्यामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ‘लोजॅक’ नावाचं रेडिओ उपकरण आलं. ते गाडीत दडवलेलं असे आणि बाहेर स्टिकरही नसे. इयन आयर्स आणि स्टीव्हन लेविट या अभ्यासकांनी १९९८ साली दाखवून दिलं, की ज्या शहरांत लोजॅक पसरलं तिथे एकूणच गाडीचोरी घटली. कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला कळायला मार्गच नव्हता. दिसणारं कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतं; न दिसणारा ट्रॅकर शेजाऱ्याचीही गाडी राखतो. तेव्हा कुलूप मिरवा, ट्रॅकरचा स्टिकर मात्र लावू नका.

खर्चाचं म्हणाल, तर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या, किल्लीने चालू होणाऱ्या जुन्या हॅचबॅकला चांगलं गिअर लॉक पुरे. पुश-बटणाच्या महागड्या एसयूव्हीला पाऊच, ओबीडी कुलूप, गिअर लॉक आणि दडवलेला ट्रॅकर असा सगळा संच हवा. ईकोसारख्या व्हॅनच्या मालकांची चिंता वेगळी आहे. तिथे चोर सायलेन्सरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी येतात आणि गाडी जागची हलतही नाही. तिथे ट्रॅकर कुचकामी. खालून पोलादी जाळी बसवणंच बरं. काहीही बसवा, मूळ वायरिंग कापू देऊ नका. कपलरने जोडून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद ओढवेल.

ट्रॅकरवर ठिकाण दिसलं तरी स्वतः तिकडे धावू नका. ११२ ला फोन करा. पुढच्या लेखांकात चोरीनंतरची कागदपत्रं बघू, म्हणजे एफआयआर, आरटीओला कळवणं आणि विम्याचा दावा. तोवर एक काम करून ठेवा. गाडीच्या दोन्ही किल्ल्या घरात आहेत का ते बघा, कारण विमा कंपनी त्या दोन्ही मागते.