दाढ राहील का?

हिरड्यांच्या विकारांवर उपचार करताना एक प्रश्न मला रोज ऐकू येतो. "मॅडम, दाढ राहील का?" याचं उत्तर दाढेत कमी आणि तिच्या मुळांभोवतीच्या हाडात जास्त असतं. निरोगी तोंडात हे हाड दाताच्या मानेच्या एक-दोन मिलिमीटर खाली असतं. पायोरियात ते झिजतं, पण सगळीकडून सारखं नाही. कुठे मुळालगत अरुंद, खोल खड्डा पडतो. त्याच्या तीन बाजूंना हाडाच्या भिंती शाबूत असतील, तर ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, घालून तो पुष्कळदा भरून येतो. एकच भिंत उरली असेल, तर ग्राफ्ट टिकायला आधारच राहत नाही.

साध्या एक्सरेत या भिंती मोजता येत नाहीत. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड एकाच सावलीत एकावर एक येतं. वरच्या पहिल्या दाढेला सहसा तीन मुळं असतात, त्यामुळे तिथे तर फारच गोंधळ. एका मावशींची अशीच दाढ एक्सरेत ठीकठाक वाटत होती, पण प्रोब, म्हणजे हिरडीखालची खोली मोजायची बारीक सळई, मागच्या बाजूने खोल जात होता. म्हणून तेवढ्याच भागाचा सीबीसीटी स्कॅन करायला सांगितला. गालाकडच्या मागच्या मुळाभोवतीचं हाड गेलेलं होतं. टाळूकडचं मूळ मात्र भक्कम होतं. रूट कॅनाल करून ते एक मूळ काढलं आणि दाढ ठेवली.

या स्कॅनमध्ये शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो आणि शेकडो प्रतिमा घेतो. संगणक त्यांतून जबडा उभा करतो, बारीक बारीक घनांनी, म्हणजे व्हॉक्सेलनी. इटलीतल्या व्हेरोनाच्या संशोधकांनी १९९८ साली असं यंत्र जगापुढे मांडलं. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या कवट्यांच्या जबड्यांत मुद्दाम खड्डे कोरून मोजमापं ताडून पाहिली गेली. गालाकडचे आणि जिभेकडचे खड्डे साध्या एक्सरेने निसटले, ते स्कॅनने पकडले.

पण कवटी हलत नाही, आवंढा गिळत नाही, आणि त्या जबड्यांत धातूची कॅपही नसते. जिवंत माणूस जरासा हलला तरी कडा धूसर होतात. कॅप किंवा इम्प्लांटच्या शेजारी काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि नसलेला खड्डा असल्यासारखा भासतो. सगळ्यात फसवं असतं ते पातळ हाड. खालच्या पुढच्या दातांवर ओठाच्या बाजूला ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं, काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. व्हॉक्सेल ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरचा असेल, तर एकाच घनात हाडही येतं आणि शेजारची हिरडीही. दोन्हींची सरासरी होऊन हाड चित्रातून नाहीसं होतं. हिरडी उघडून पाहावं तर ते जागेवर असतं! तारा लावायच्या आधी असा रिपोर्ट हाती आला की आई-वडील हादरतात. म्हणून स्कॅनमध्ये हाड दिसलं तर मी बहुतेक वेळा विश्वास ठेवते. पातळ जागी दिसलं नाही, तर 'हाड नाही' असं लगेच म्हणत नाही. रिपोर्टमधल्या हाडाच्या घनतेच्या आकड्यावर तर मी निर्णय घेतच नाही, कारण या यंत्रांची करडी छटा त्यासाठी पुरेशी भरवशाची नसते.

हिरडीची सूज आणि रक्तस्रावही स्कॅन सांगत नाही. त्यासाठी प्रोबच हवा, आणि तो आधी हवा.

किरणांची भीती बाळगू नका, पण हिशेब ठेवा. निसर्गातून आपल्याला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छोट्या भागाचा स्कॅन सहसा काही दशक मायक्रोसिव्हर्टचा असतो. मोठ्या भागाचा शेकड्यांत जाऊ शकतो.

त्यामुळे डॉक्टरांना नि:संकोच विचारा, "या स्कॅनने कोणता निर्णय बदलणार आहे?" दुखरी दाढ एकच असेल तर पूर्ण जबडा कशाला, हेही विचारा. छोट्या भागात किरण कमी लागतात आणि तपशीलही सहसा बारीक मिळतो. आणि सेंटरमधून फक्त छापील फिल्म घेऊन येऊ नका. पूर्ण स्कॅन सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांना तो पुन्हा काढावा लागणार नाही.