आहे तशी ठेवलेली ८६

टोयोटाने २००६ मध्ये सेलिका बंद केली आणि २००७ मध्ये एमआर-एस. त्यानंतर काही वर्षं एवढ्या मोठ्या कंपनीच्या यादीत सामान्य नोकरदाराला परवडेल अशी एकही स्पोर्ट्स गाडी नव्हती. २०१२ मध्ये ८६ आली. बुटकी, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी कूपे. नाव घेतलं होतं १९८३ ते १९८७ या काळात बनलेल्या एई८६ या कोरोलावरून. बॅज टोयोटाचा, इंजिन सुबारूचं आणि गाडी तयार व्हायची ती सुबारूच्या कारखान्यात, जपानच्या गुन्मा प्रांतातल्या ओता शहरात. मी नोकरीनिमित्त त्याच प्रांतात, ताकासाकीला राहतो. माझी ८६ पहिल्या पिढीतली, सहा हाती गिअरची, सेकंडहँड घेतलेली.

या गाडीचे आकडे ऐकून बरेच जण नाक मुरडतात. १९९८ सीसीचं इंजिन, सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर, ७००० फेऱ्यांना २०० अश्वशक्ती. टर्बो नाही. त्यात कारखान्यातून येणारे टायर २१५ मिलिमीटर रुंदीचे, आरामासाठी बनवलेले, ज्या मापाचे प्रियससारख्या घरगुती गाडीलाही बसत. स्पोर्ट्स गाडीला असले टायर? पण मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांचा हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. रुंद, चिकट टायर लावले की गाडी रस्ता घट्ट धरून ठेवते, आणि ती पकड सुटते तेव्हा वेग इतका असतो की साध्या माणसाला काही सुचायच्या आत सगळं संपलेलं असतं. बेताचे टायर कमी वेगात बोलू लागतात. मागची बाजू किंचित हलते, ते सीटमधून कंबरेला कळतं आणि हाताला स्टिअरिंग सैल करायला वेळ मिळतो. माझ्या मते या गाडीची खरी किंमत या वेळेत आहे. ही गाडी सांभाळायची म्हणजे हा तोल सांभाळायचा. मी तिच्यात एकही बदल केलेला नाही आणि करणार नाही.

इंजिनाला आवाजही फार असतात आणि नव्या मालकाचा जीव त्यानेच टांगणीला लागतो. उभी असताना बॉनेटखालून रातकिड्यासारखी किरकिर येते. तो पेट्रोलच्या हाय-प्रेशर पंपाचा आवाज. जगभरचे ८६ वाले तो ओळखतात, आणि त्याने काही बिघडत नाही. पण तसाच चिवचिवाट क्लचच्या बेअरिंगमधूनही येऊ शकतो आणि तो मात्र खर्चाचा असतो. ओळखायची रीत सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची आणि क्लचवर पायाचा हलका भार द्यायचा. आवाज थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर पंप. हिवाळ्यात सकाळी दुसरा गिअर अडतो, तोही आजार नव्हे. गिअरबॉक्समधलं तेल थंडीने घट्ट झालेलं असतं. पहिली काही मिनिटं तिसऱ्यातून काम भागवायचं, जबरदस्ती करायची नाही.

जपानमध्ये ताशी भाड्याने लिफ्ट देणारी गॅरेजं असतात. पाने, जॅक, जुनं तेल टाकायची सोय, सगळं तिथेच. घरासमोर गाडीखाली आडवं होण्याइतकी जागा नसलेल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे. ऑइल बदलण्याचं काम तिथे सहज होतं. इंजिन कोमट असावं, म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण निथळतं. निचऱ्याचा बोल्ट परत बसवताना वायसर नवाच. ०डब्ल्यू-२० ग्रेडचं तेल, फिल्टर धरून साडेपाच लिटरच्या आसपास. मी ते पाच हजार किलोमीटरला बदलतो, कारण हे इंजिन वरच्या फेऱ्यांत राहण्यासाठी बनलं आहे आणि मी ते तसंच चालवतो.

स्पार्क प्लग बदलणं हे मात्र खऱ्या अर्थाने हाताचं काम. इतर बहुतेक गाड्यांत सिलिंडर उभे असतात, प्लग वरून दिसतो, पाना घातला की झालं. सुबारूचं बॉक्सर इंजिन आडवं झोपलेलं असतं. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन समोरासमोर धावणारे. त्यामुळे इंजिनाचं वजन जमिनीलगत राहतं. गाडीचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून जेमतेम ४६० मिलिमीटरवर येतो, आणि वळणावर गाडी कलंडत नाही ती यामुळेच. पण प्लग मग दोन्ही कडांना, चासीच्या बाजूच्या पोलादी पट्ट्यांकडे तोंड करून बसतात. मध्ये अंतर राहतं ते हाताचा पंजा कसाबसा शिरेल एवढंच.

इंजिन पूर्ण गार हवं. सिलिंडरचं डोकं अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोलून निघतात. बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा आधी बाहेर काढायचा. मग कॉइलचा बोल्ट. तो सैल झाला की बोटांत धरायचा, कारण तिथे सुटलेला बोल्ट खालच्या पत्र्यात कुठे अडकतो ते देवालाही सापडत नाही. कॉइल सरळ बाहेर येत नाही, थोडी बाहेर ओढून तिरकी करावी लागते. त्यानंतर पाना. लांब दांडा एकसंध आत जातच नाही. आधी नुसतं सॉकेट भोकात सरकवायचं, त्याला आखूड तुकडा जोडायचा, तो आत गेला की दुसरा, आणि शेवटी मूठ. डोळ्यांना काही दिसत नाही. प्लग पहिल्यांदा हलतो तेव्हा येणारा छोटा ‘कट्’ आवाज कानाने टिपायचा. बाहेर काढताना सगळी जोडणी उलट्या क्रमाने सोडायची.

निघालेला प्लग उजेडात धरून बघण्याचा आनंद वेगळा आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर आत जाळ नीट होतोय. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलाचा ओलावा असेल तर सील गेलं. चारही प्लग ओळीने मांडले की चार सिलिंडरांची तब्येत समोर दिसते. कुठल्याही कॉम्प्युटरच्या रिपोर्टपेक्षा माझा त्या ओळीवर जास्त विश्वास आहे. नवा इरिडियम प्लग बसवताना पहिले काही आटे फक्त बोटांनी फिरवायचे. बोटाला अडथळा लागला तर मागे घ्यायचा, पुन्हा सरळ धरून सुरुवात करायची. मनगटाची साल निघते, पण एकदा बसवले की हे प्लग लाख किलोमीटरच्या आसपास पुन्हा हात लावू देत नाहीत.

ब्रेक ऑइलला मात्र दोन वर्षं पुष्कळ झाली. ते हवेतली आर्द्रता ओढून घेतं. डोंगर उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. हे काम दोघांचं. बायको सीटवर, मी चाकापाशी निपलला पारदर्शक नळी लावून. “दाब... धर... सोड.” काळपट तेल आधी येतं, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ. चारही चाकं झाली की पेडल कसं उभं राहतं ते तिच्या पायाला माझ्याआधी कळतं.

गुन्मातला हिवाळा गाडीची परीक्षा बघतो. आकागी डोंगरावरून खाली येणाऱ्या कोरड्या बोचऱ्या वाऱ्याला इथे काराक्काझे म्हणतात. मैदानात बर्फ कमी, पण वरच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला क्षार टाकतात, आणि तो क्षार गाडीच्या पोटाला चिकटून पत्रा खातो. डोंगरावरून आल्यावर खालून पाण्याचा फवारा मारल्याशिवाय गाडी जागेवर लावायची नाही, हा नियम मी पाळतो. थंडी सुरू होण्याआधी हिवाळी टायर चढतात. मागची सीट आडवी पाडली की चारही टायर गाडीतच मावतात, गाडी आखतानाच तो विचार झालेला आहे. नट १२० न्यूटन मीटरला आवळायचे, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचे.

हे सगळं कशासाठी, ते हारुनाच्या रस्त्यावर कळतं. इकाहोच्या गरम पाण्याच्या गावातून हा रस्ता वळणं घेत हारुना सरोवरापर्यंत चढतो. शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेतला आकिना डोंगर म्हणजे हाच, आणि तिथली नायकाची गाडी म्हणजे एई८६. शर्यतबाजांना आवर घालायला रस्त्यावर आडवे उंचवटे टाकलेत, ते योग्यच आहे. शर्यत करायची गरजही नाही. दुसरा आणि तिसरा गिअर एवढ्यावर अख्खा घाट होतो. ३५०० ते ४५०० फेऱ्यांमध्ये या इंजिनाची ओढ थोडी ढिली पडते, त्यावर लोक सायलेन्सरचे पाइप बदलतात, इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेतात. मला त्याची गरज वाटली नाही. वळणाआधी एक गिअर खाली घेतला की काटा त्या पट्ट्याच्या वर राहतो, आणि हातापायांना काम देणं हाच तर या गाडीचा हेतू.

दर दोन वर्षांनी शाकेन येतं. शाकेन म्हणजे गाडीची सक्तीची सरकारी तपासणी. नव्या गाडीला पहिली तीन वर्षं सूट, पुढे दोन-दोन वर्षांनी. महाराष्ट्रात खाजगी गाडीला पुन्हा पासिंगला न्यायची वेळ १५ वर्षांनी येते, मधली वर्षं पीयूसीवर निघतात. त्या सवयीच्या माणसाला शाकेन जाचक वाटेल. मला ते आवडतं. बहुतेक लोक गाडी गॅरेजकडे सोपवून मोकळे होतात, पण मालकाला स्वतः गाडी घेऊन जाता येतं. ऑनलाइन वेळ घ्यायची आणि मायेबाशीच्या वाहतूक कार्यालयात हजर व्हायचं. विम्याची पावती, कर भरल्याचा पुरावा आणि देखभालीची नोंदवही सोबत. असल्या कार्यालयांच्या आसपास छोटी खाजगी केंद्रं असतात, तिथे थोड्या पैशांत हेडलाइटचा झोत तपासून जुळवून देतात. लोक बहुतेक वेळा झोतावरच नापास होतात, तेव्हा आधी तिकडे जाणं शहाणपणाचं.

रांगेत प्रथम अधिकारी दिवे, हॉर्न, चासी नंबर बघतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ नको, चाक मडगार्डच्या बाहेर डोकावायला नको, पोट जमिनीपासून ९ सेंटिमीटरच्या खाली नको. मग एकापाठोपाठ एक यंत्रं. डोक्यावरच्या फलकावर सूचना उमटतात, त्याप्रमाणे करत जायचं. एका पट्टीवरून सरळ जायचं, चाकं आडवी सरकतात का ते ती मोजते. रोलरवर ब्रेक दाबायचा. मग स्पीडोमीटरचा काटा ४० वर आला की इशारा द्यायचा. धुराड्यात नळी खुपसून धूर मोजला जातो. शेवटी गाडी खड्ड्यावर उभी राहते, खालचा अधिकारी हातोडीने बोल्ट ठोकून बघतो आणि गाडी गदागदा हलवली जाते. तिथे सीटवर बसून ठोके ऐकताना प्रत्येक बोल्ट मला ओळखीचा असतो. माझ्या पुढे एकदा खाली बसवलेली, रुंद चाकांची एक ८६ होती. मालक पोरगेलासा. मडगार्डपाशीच त्याला बाजूला काढलं. त्याच्या गाडीत माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा गेला होता, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. नोंदणीला १३ वर्षं झाली की या गाडीचा वार्षिक कर ३९,५०० येनवरून ४५,४०० होतो, वजनावरचा करही वाढतो. जुनी गाडी नीट चालवत राहणाऱ्याला हा दंड आहे. चालू स्थितीतली गाडी भंगारात काढून नवी बनवण्यात जे पोलाद आणि जी वीज जाते, त्यांचा हिशेब या करात कुठेच दिसत नाही. शाकेनमध्ये धूर मोजताच ना? मग त्या आकड्यावर कर लावा.

२०२१ मध्ये दुसरी पिढी आली, २.४ लिटरची, २३५ अश्वशक्तीची, आणि मधल्या फेऱ्यांतली ढिलाई गेली. गाडी चांगली आहे. पण त्यामुळे पहिल्या पिढीच्या गाड्या आता बेताच्या पैशांत मिळतात, जपानमध्येच नव्हे, तर ब्रिटनमध्ये जीटी८६ म्हणून आणि अमेरिकेत २०१६ पर्यंत सायन एफआर-एस या नावाने विकलेल्यासुद्धा. तिकडे राहणाऱ्या कुणा वाचकाच्या मनात घ्यायचं असेल, तर आधी देखभालीची नोंदवही मागा. सुरुवातीच्या गाड्यांचे व्हॉल्व्हचे स्प्रिंग तुटू शकतात म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्या परत बोलावल्या होत्या. ते काम इंजिन उतरवून करावं लागतं, तेव्हा झालं असेल तर त्याचा कागद बघा आणि इंजिनाच्या पुढच्या झाकणाशी तेल झिरपतंय का तेही बघा. क्लच हलका दाबून आवाज ऐका. गाडी खाली बसवलेली असेल तर सोडून द्या, आणि सायलेन्सर बदललेला असून मूळचा सोबत देत नसतील, तर तेवढी किंमत कमी करून मागा.